दहा राग, दोन दिवस आणि अठ्ठावीस वर्षें

जळगांवहून भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नशिराबाद लागतें. लग्नसराईच्या दिवसांत या बाजूच्या कोणत्याहि गांवीं सायंकाळीं थांबावें, म्हणजे वरातीपुढें चाकांवर चाललेला एखादा बँड दृष्टीस पडतो. पूर्वीं वरातींत सनई, ताशा आणि पितळी वाद्यें असत. आतां त्यांच्या बरोबरीनें, किंबहुना त्यांच्याहि पुढें, विजेवर चालणारी एक पेटी असते. तिच्या पट्ट्यांवर बोटें फिरतात आणि सनईपासून ढोलापर्यंत वाटेल तो आवाज तींतून निघतो. ऐकणाऱ्याला त्यांत कांहीं नवल वाटत नाहीं. परंतु ही पेटी आपल्याकडे अगदीं नवीन असतां मुंबईच्या एका वादकानें तिच्यावर भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली होती, हें थोड्यांनाच ठाऊक आहे. ती निघाली तेव्हां तिच्याकडे फारसें कोणी वळून पाहिलें नाहीं. अठ्ठावीस वर्षांनीं ती पुन्हां निघाली, तेव्हां सातासमुद्रांपलीकडच्या रसिकांनीं तिच्या कर्त्याला एका नव्या संगीतप्रकाराचा आद्य प्रवर्तक ठरविलें. या दोन्ही निवाड्यांत कांहीं तरी चुकलें आहे.

या वादकाचें नांव चरणजितसिंग. जन्म १९४० सालचा. गिटार, बास गिटार, ऑर्गन, व्हायोलिन अशीं अनेक वाद्यें त्यांना वश होतीं, आणि शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतदिग्दर्शकांच्या वाद्यवृंदांत त्यांनीं वर्षानुवर्षें साथ केली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ या १९७१ सालच्या चित्रपटांतील ‘दम मारो दम’ या गाण्यांत जो सलग घुमणारा स्वर ऐकूं येतो, तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा, म्हणजे विजेच्या अकॉर्डियनचा. गाणें घरोघर पोहोंचलें. पण वादकाचें नांव तबकडीच्या वेष्टनावर छापण्याची तेव्हां सहसा रीत नव्हती. श्रेय गायकाचें, संगीतदिग्दर्शकाचें, फार तर गीतकाराचें. साथीदाराला त्या दिवसाची बिदागी मिळाली कीं त्याचा हिशेब संपला. लग्नसमारंभांत वाजविणारा वाद्यवृंदहि चरणजितसिंग चालवीत; तेव्हां वरातींतला आपला पेटीवाला त्यांना अगदींच परका नव्हे.

१९८० सालीं ‘कुर्बानी’ चित्रपटांतील ‘आप जैसा कोई’ या गाण्यानें डिस्को नांवाचा पाश्चात्त्य ठेका हिंदुस्थानांत घरोघर नेला, आणि पुढें कांहीं काळ हिंदी चित्रपटांत जिकडे तिकडे तोच वाजूं लागला. चरणजितसिंगांच्या मनांत आलें कीं, ठेका डिस्कोचाच राहूं द्यावा, पण चित्रपटाची चाल न घेतां त्यावर राग वाजवावे, आणि तबला मात्र बाजूस ठेवावा. यासाठीं त्यांनीं सिंगापूरहून आणलेलीं यंत्रें हातीं घेतलीं. तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीचीं. ‘टीआर-८०८’ हें तालाचें यंत्र १९८० सालचें. त्यांत खऱ्या ढोलाचा आवाज सांठविलेला नसतो, विजेच्या मंडलांतूनच तो उत्पन्न होतो. ‘टीबी-३०३’ हें लहानसें चपटें यंत्र बास गिटार वाजविणाऱ्याची उणीव भरून काढण्यासाठीं निघालें. सोळा घरांपर्यंतची स्वरावली त्यांत एकदां बसविली कीं तें ती न थकतां फिरवीत राहतें, आणि एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय त्यांत असते. तिसरें ‘ज्युपिटर-८’, अनेक स्वर एकदम काढणारें आणि फार महाग. तिन्ही एकमेकांशीं तारेनें जोडून एका लयींत चालवितां येत. ठेका आणि बासचा फेरा यंत्रांवर सोंपवून चरणजितसिंग स्वतः ज्युपिटरच्या पट्ट्यांवर रागाचें चलन वाजवीत. एच. एम. व्ही. च्या ध्वनिमुद्रणगृहांत दोन दिवसांत दहाहि राग मुद्रित झाले, आणि १९८२ सालीं ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या नांवानें तबकडी बाहेर पडली. वेष्टनावर या खेपेस साथीदाराचेंच नांव होतें.

एका बाजूस भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूस मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक राग सुमारें पांच मिनिटांचा. पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंतचे प्रहर आणि वर एक पावसाळा, हें सारें तासाभराच्या आंत बसविलें आहे. परंपरेच्या कानाला हें खटकणारच. तरी येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९०२ सालीं कलकत्त्यास हिंदी गायनाचीं पहिलीं ध्वनिमुद्रणें झालीं, तेव्हांपासून कित्येक दशकें मोठमोठ्या गवयांना तबकडीसाठीं आपला राग तीन मिनिटांत आटोपावा लागे, आणि त्या तबकड्या आज आपण जपून ठेवतों. पांच मिनिटें हा कांहीं अपराध नव्हे. वाद्यावर आक्षेप घ्यावा, तर तो हार्मोनियमवरहि होताच. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं त्या पेटीला मान मिळवून दिल्यावरहि १९४० पासून सुमारें तीन दशकें आकाशवाणीनें तिला दार बंद ठेवलें, कारण तिला मींड काढतां येत नाहीं. गंमत अशी कीं, या जपानी यंत्राला घसीट येत होती! अर्थात् ती मोजून दिलेली घसीट. भैरवाच्या कोमल ऋषभाचें आंदोलन तिनें साधत नाहीं, आणि आलापाला तर या तबकडींत अवसरच नाहीं. पण एकच स्वरावली अखंड फिरत राहावी आणि तिच्यावर चलन उमलत जावें, ही रचना आपल्या कानाला मुळींच नवी नाहीं. सारंगी किंवा पेटी लेहरा धरते तो असाच. तबला दूर ठेवला, तरी तबलजीच्या एकल वादनामागचा लेहरा या माणसाच्या बोटांतून गेला नव्हता.

तबकडी खपली नाहीं. रागाचा रसिक तिच्यापाशीं आला तो ठेका ऐकून मागें फिरला. नाचणाऱ्या तरुणाला चाल पाहिजे होती, गायिका पाहिजे होती, त्याला ललत घेऊन काय करावयाचें? नेमक्या त्याच सुमारास इंग्लंडांत ‘ह्युमन लीग’ या मंडळीची सिंथेसायझरवर रचलेली ‘डेअर’ ही १९८१ सालची तबकडी तेथील विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेली होती. तिकडे यंत्र गाण्याच्या सेवेला लाविलें होतें. येथें गाणेंच नव्हतें.

त्या चपट्या यंत्राचीहि गत बरी झाली नाहीं. बास गिटारची नक्कल त्याला साधेना; सुमारें १०,००० नग काढून १९८४ सालीं कंपनीनें तें बंद केलें. मोडीच्या भावांत मिळूं लागल्यावर शिकागोच्या कांहीं तरुणांनीं तें घेतलें, त्याच्या खुंट्या पिळून त्यांतून चिरकणारा, किंचाळणारा ध्वनि काढला, आणि १९८७ सालीं ‘फ्यूचर’ या त्रिकुटाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ या तबकडीपासून ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. चरणजितसिंगांचें काम तोंपर्यंत पांच वर्षांचें जुनें झालें होतें.

२००२ सालीं एडो बाउमन नांवाच्या एका डच संग्राहकाला दिल्लींतील एका दुकानांत ही तबकडी सांपडली. त्यानें पुढें मुंबईस येऊन चरणजितसिंगांची गांठ घेतली, आणि २०१० सालीं आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेतर्फें ती पुन्हां काढली. युरोपांत एकच गलबला झाला. ही थट्टा आहे, आजच कोणी तरी बनवून जुन्या वेष्टनांत घातली आहे, अशी शंका कित्येकांनीं घेतली. ती फिटल्यावर तेच लोक त्यांना ॲसिड हाउसचे जनक म्हणूं लागले.

हें बिरुद गौरवाचें खरें, पण योग्य नव्हे. शिकागोच्या तरुणांनीं ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाहीं. पांच वर्षें आधीं निघालेल्या तबकडीच्या कर्त्यानें त्यांचें संगीत ऐकलें असण्याचा तर प्रश्नच नाहीं. साम्य आहे तें यंत्राचें. शिकागोला त्या यंत्राचा ध्वनि हाच विषय झाला. चरणजितसिंगांना तो रागाचा लेहरा होता. एकाच मातीचीं दोन भांडीं दिसलीं म्हणून कुंभार एक ठरत नाहीं. आणि ‘आमच्याकडे हें आधींच होतें’ असें छाती फुगवून म्हणणाऱ्या आपल्या लोकांनीं १९८२ सालीं ती तबकडी कितींनीं विकत घेतली, हेंहि आठवावें. ती दुकानांतून उचलून, कर्त्याचा पत्ता काढून, त्याच्या दारापर्यंत जाण्याचा खटाटोप एका परदेशी माणसानें केला.

सत्तरी ओलांडल्यावर चरणजितसिंगांना युरोपांतून बोलावणीं येऊं लागलीं. ज्युपिटरच्या पट्ट्यांपाशीं उभे राहून त्यांनीं तेथें तेच राग वाजविले. ज्यांना रागाचा आरोह ठाऊक नव्हता, वेळ ठाऊक नव्हती, असे तरुण रात्रीं नृत्यगृहांत भैरवावर नाचले. जुलै २०१५ मध्यें मुंबईस चरणजितसिंगांचें निधन झालें.