पाचवा पट्टा

गेले दोन वीकेंड आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाहीये. एका कोपऱ्यात हेल्मेट, दुसऱ्यात ब्रेक ऑईलच्या बाटल्या, आणि सोफ्यावर लाल रंगाचा, चार पट्ट्यांचा एक हार्नेस ऐसपैस पसरलेला. रूममेट म्हणाला, "गाडी चालवायला चाललायस की विमानातून उडी मारायला?"

निमित्त आहे ट्रॅक डेचं. म्हणजे शर्यतीचा ट्रॅक एक दिवस हौशी लोकांना खुला असतो. फी भरायची, आपलीच रोजची गाडी न्यायची, आणि समोरून कुणी येणार नाही, म्हैस आडवी जाणार नाही अशा रस्त्यावर ती मनसोक्त पळवायची. शर्यत नाही, नंबर नाही, कप नाही. आमचा ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला, पुण्याहून साधारण बाराशे किलोमीटर. (हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये तासाला आठ किलोमीटर जाणारा माणूस वेगासाठी बाराशे किलोमीटर जातो. हसा.)

गेल्या वर्षी पहिल्यांदा गेलो होतो तेव्हा तयारी म्हणजे काय, तर गाडी धुऊन नेली होती. चौथ्या लॅपला वळणाआधी ब्रेक दाबला, पेडल स्पंजासारखं लागलं आणि सरळ तळाला गेलं. पुढचे तीन सेकंद मला आजही नीट आठवत नाहीत. गाडी ट्रॅक सोडून मातीत शिरली आणि बरीच पुढे जाऊन थांबली. मला काही झालं नाही, गाडीलाही फारसं नाही. पण नंतर अर्धा तास पाय थरथरत होते. कारण अगदीच बाळबोध निघालं: ब्रेक ऑईल तीन वर्षं बदललं नव्हतं. हे तेल हवेतलं पाणी शोषत राहतं. नवंकोरं डॉट ४ तेल २३० अंशांच्या आत उकळता कामा नये असं मानक सांगतं, पण पाणी मुरलेल्या तेलासाठी तीच अट १५५ अंशांवर येते. ट्रॅकवर ब्रेक तापले की तेल उकळतं, त्याची वाफ होते, आणि तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यात जातो. चाकापर्यंत काही पोचतच नाही.

त्यामुळे यंदा नवं तेल, नवे पॅड, चाकांचे नट टॉर्क रेंचने बरोब्बर मोजून. स्टेपनी, जॅक, पायपोस, डिकीतलं सगळं सामान बाहेर. इथवर सोपं होतं. मग ऑफिसातल्या एका मित्राने तो लाल हार्नेस आणून दिला. "माझ्याकडे पडून आहे, लाव. कंपनीच्या बेल्टने काय होतंय?" दिसायला तर भन्नाट! मलाही मोह झालाच. पण गेल्या वर्षीची माती डोक्यात होती, म्हणून म्हटलं बसवण्याआधी जरा वाचू. त्या 'जरा'चे दोन वीकेंड झाले.

वाचताना पहिली गोष्ट ही कळली की आपण ज्याला सेफ्टी गियर म्हणतो ते कुणी एकदा बसून डिझाइन केलेलं नाही. ते एकावर एक लावलेले पॅच आहेत, आणि प्रत्येक पॅचमागे कुणीतरी मेलेलं आहे.

हेल्मेटचंच घ्या. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकच्या डॉक्टरांनी, एरिक गार्डनर यांनी, मोटारसायकलवाल्यांची फुटलेली डोकी बघून कॅनव्हास आणि लाखेचं हेल्मेट बनवलं, आणि १९१४च्या आयल ऑफ मॅन टीटी शर्यतीत ते सक्तीचं झालं. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स, म्हणजे आपला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकलवरून पडून सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा तरुण न्यूरोसर्जन होता. त्याने तो मृत्यू मनाला लावून घेतला, डोक्याला मार लागलेल्या मोटारसायकलस्वारांचा अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्याच्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. ग्रां प्रीच्या मोटारवाल्यांवर ती सक्ती यायला मात्र १९५२ उजाडलं. तोवर ही मंडळी कापडी टोपी आणि गॉगल घालून ताशी अडीचशेने जायची!

माझ्या हेल्मेटवर मागे 'स्नेल'चा स्टिकर आहे. मला इतकी वर्षं ते एखाद्या कंपनीचं नाव वाटत होतं. ते एका माणसाचं आहे. पीट स्नेल अमेरिकेतला लोकप्रिय स्पोर्ट्स कार रेसर होता. १९५६ साली शर्यतीत त्याचा अपघात झाला. हेल्मेट घातलेलं होतं, त्या काळातलं चांगलं म्हणतात तसलं. तेच कुचकामी ठरलं आणि तो डोक्याला मार लागून गेला. त्याच्या मित्रांनी, त्यात जॉर्ज स्नायव्हली हे डॉक्टर होते, पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने संस्था काढली. काम एकच: हेल्मेटं ठोकून, फोडून बघायची आणि जी टिकतील त्यांनाच शिक्का द्यायचा. मोटारीसाठीच्या हेल्मेटची आगीतही चाचणी होते, आणि डोकं एकाच जागी पुन्हा पुन्हा रोल बारवर आपटलं तर काय, हेही बघतात. म्हणून त्याचा शिक्का वेगळा, 'एसए'. बाईकच्या हेल्मेटला 'एम'.

असो. माझा प्रश्न पट्ट्यांचा होता, आणि खरी मजा (मजा हा शब्द चुकीचा आहे) तिथेच आहे.

पन्नासच्या दशकात बरेच रेसर पट्टा लावतच नसत, आणि ते मूर्ख होते म्हणून नव्हे. गाडीला छत नाही, रोल बार नाही, बाजूला पेट्रोलच्या टाक्या. अशी गाडी उलटली आणि तुम्ही पट्ट्याने बांधलेले असलात तर डोकं जमिनीवर आणि वर गाडी. पेटली तर आणखीच वाईट. त्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असा त्यांचा हिशोब होता. तेव्हाच्या गाडीपुरता तो फार चुकीचाही नव्हता! फॉर्म्युला वनमध्ये रोल बार सक्तीचा झाला १९६१ला, सहापदरी हार्नेस १९७२ला. हा क्रम मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. आधी डोक्यावरचं छत, मग माणसाला बांधणं.

मधल्या अकरा वर्षांतल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली ल मांची. तिथे पूर्वी शर्यत सुरू होताना ड्रायव्हर रस्त्याच्या एका कडेला आणि गाड्या समोरच्या कडेला उभ्या असत. झेंडा पडला की धावत जायचं, उडी मारून बसायचं आणि सुटायचं. दिसायला झकास, पण या गडबडीत पट्टे लावणार कोण? पहिला लॅप तसाच, बिनपट्ट्याचा. १९६९ साली चोवीस वर्षांचा बेल्जियन ड्रायव्हर जॅकी इक्स याचा निषेध म्हणून चक्क चालत गाडीकडे गेला. सगळे धावतायत आणि हा बागेत फिरायला निघाल्यासारखा! शांतपणे बसला, सगळे पट्टे लावले, आणि शेवटून निघाला. त्याच पहिल्या लॅपमध्ये जॉन वुल्फ या ब्रिटिश हौशी ड्रायव्हरचा अपघात झाला, तो नव्याकोऱ्या पोर्शे ९१७ मधून बाहेर फेकला गेला आणि मेला. आणि चोवीस तासांनंतर जिंकलं कोण? इक्स आणि त्याचा जोडीदार जॅकी ऑलिव्हर, जेमतेम १२० मीटरच्या फरकाने. पुढच्या वर्षीपासून ड्रायव्हर आधीच बांधून बसू लागले.

दुसरी गोष्ट योखेन रिंटची, आणि तीच माझ्यासाठी लिहिल्यासारखी आहे. रिंट १९७०चा मोसम गाजवत होता. खांद्यांवरचे आणि कमरेचे पट्टे तो लावायचा. मांड्यांमधून येणारे पट्टे मात्र नाही, कारण गाडी पेटली तर पटकन बाहेर पडता यायला हवं. ५ सप्टेंबरला मोंझाला सराव करताना त्याची लोटस ब्रेक लावण्याच्या जागी भरकटली आणि कठड्यावर आदळली. त्याला खाली धरून ठेवणारं काहीच नव्हतं. तो सीटवरून खाली सरकला आणि पट्टा गळ्यावर आला. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. असा तो एकटाच.

मी सोफ्यावरचा हार्नेस पुन्हा बघितला. खांद्यांचे दोन, कमरेचे दोन. मांड्यांमधला पाचवा नाही. खांद्याचे पट्टे ओढून आवळले की ते कमरेचा पट्टा वर पोटावर खेचणार, आणि धडकेत मी खालून सटकणार. म्हणजे हा लाल हार्नेस लावून मी माझ्या साध्या हॅचबॅकमध्ये नेमकी रिंटचीच व्यवस्था करणार होतो.

एवढ्यावरही संपत नाही. समजा पाचवा, सहावा पट्टा लावला. गाडीला रोल केज नाही. कंपनीच्या तीनपदरी बेल्टमध्ये (व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ला दिलेली भेट, त्याला मनापासून नमस्कार) छत दबलं तर अंग एका खांद्यावरून थोडं कलंडतं तरी. हार्नेसने मी ताठ उभा बांधलेला, आणि वरून छत येतंय. १९५५चा प्रश्न जसाच्या तसा.

आणि समजा केजही बसवला. मग मान! छाती घट्ट बांधली की धडकेत पुढे जायला मोकळं उरतं फक्त डोकं, तेही हेल्मेटच्या वजनासकट. कवटीचा तळ मोडतो. १९८१ साली पॅट्रिक जॅकमार हा ड्रायव्हर अमेरिकेत मिड-ओहायोला असाच गेला. त्याचा मित्र जिम डाऊनिंग स्वतः रेसर, आणि डाऊनिंगचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचा प्राध्यापक. दोघांनी मिळून खांद्यांवर बसणारी एक कॉलर बनवली, हेल्मेट तिला छोट्या पट्ट्यांनी बांधायचं. हीच 'हान्स'. कित्येक वर्षं ती फारसं कुणी घेईना. अवजड आहे, मान वळत नाही, वगैरे. मग १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनामध्ये, शेवटच्या लॅपला, डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळून गेला. नॅस्करचा देव माणूस, आणि त्याने असली कॉलर घातली नव्हती. त्याच ऑक्टोबरमध्ये नॅस्करने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं, २००३ला फॉर्म्युला वनने. मेहुण्या-मेहुण्यांची वस्तू तयार होऊन तोवर पंधराएक वर्षं झाली होती. ही देरी वाचून मला सगळ्यात जास्त राग आला.

तर हिशोब असा: सीट, केज, सहा पट्टे, हान्स. घ्यायचं तर सगळं. माझ्या बजेटमध्ये आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते बसत नाही. म्हणजे कंपनीचा बेल्ट, कंपनीच्या एअरबॅग, चांगलं हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट (नायलॉन वितळून कातडीला चिकटतं), आणि दोन सेकंद आधी ब्रेक.

हार्नेस शुक्रवारी परत केला. मित्राला योखेन रिंट सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "एवढा विचार करायचा तर जातोस कशाला?" याचं उत्तर मला कॉफी संपेपर्यंत सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. तो हार्नेस त्याने स्वतःच्या गाडीत बसवू नये म्हणून मात्र मी त्याला संध्याकाळी पुन्हा फोन केला. अर्धा तास बोललो. "बघू" म्हणालाय.

पुढच्या गुरुवारी पहाटे चारला निघतोय. आईला चेन्नईला क्लायंट व्हिजिट आहे असं सांगितलंय. टॉर्क रेंच काल रात्रीपासून सापडत नाहीये.