तीन मिनिटांची तबकडी, दोन तासांची मैफल

किशोरी आमोणकरांना मी समोर बसून कधीच ऐकलं नाही. ३ एप्रिल २०१७ रोजी त्या गेल्या तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो, आणि शास्त्रीय संगीताशी माझा संबंध घरातल्या रेडिओवर सकाळी जे काही लागेल त्यापुरताच होता. आज त्या माझ्या सर्वांत आवडत्या गायिका आहेत. आठवड्यातली एक रात्र तरी मी घरच्या टीव्हीवर त्यांची एखादी जुनी मैफल लावून बसतो. चित्र धूसर असतं, रंग विटलेले असतात. तानपुरे जुळवण्यात बराच वेळ जातो. श्रोत्यांत कोणीतरी खोकतं. मग स्वरमंडलावरून बोटं फिरतात आणि पहिला षड्ज लागतो.

माझी नोकरी सॉफ्टवेअरची. एखादी फाइल समोर आली की ती कुठून आली, किती हातांतून आली आणि वाटेत तिच्यातलं काय गळालं, हे विचारायची सवय लागलेली आहे. हाच प्रश्न या मैफलींना विचारायला लागलो तेव्हा लक्षात आलं की त्याचं उत्तर एकाच घराण्याच्या इतिहासात जवळजवळ संपूर्ण सापडतं. जयपूर-अत्रौली घराण्याच्या तीन पिढ्या म्हणजे आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाच्या तीन अवस्था आहेत.

पहिली अवस्था शांततेची. घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १८५५ साली जन्मले आणि १९४६ साली गेले. त्यांचं गाणं आज कुठल्याही तबकडीवर ऐकायला मिळत नाही. यंत्र नव्हतं म्हणून असं झालं, असं म्हणता येणार नाही. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात येऊन गौहरजानचा आवाज मुद्रित करून गेला, त्यानंतर खाँसाहेब त्रेचाळीस वर्षं हयात होते. मुंबई-कोल्हापुरात त्यांचा दबदबा होता, शाहू महाराजांचा आश्रय होता. पण त्या काळी चीज ही मालमत्ता होती. ती कोणाला द्यायची, किती द्यायची, हे उस्ताद ठरवत. जी तबकडी बाजारात कोणीही पैसे टाकून घेऊन जाईल, तिच्यावर घराण्याचा ऐवज ठेवायचा नाही, असा विचार करणारे अनेक गवई तेव्हा होते. त्यामुळे खाँसाहेबांचं गाणं जिथे मुद्रित झालं ती जागा म्हणजे त्यांचे शिष्य. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ हे मुलगे, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. आणि मुलग्यांकडून शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर.

दुसरी अवस्था तबकडीची. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. १९२५ नंतर विजेवर चालणारं मुद्रण येईपर्यंत मायक्रोफोनही नव्हता. गाणाऱ्याने एका भोंग्यासमोर तोंड धरून जोरात गायचं, आणि त्या कंपनाने मेणावर रेघ उमटायची. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावं म्हणून गायिका गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारत असे. गौहरजानची ती आरोळी आज आपल्याला गंमतीची वाटते. खरं तर ते त्या फाइलचं लेबल होतं.

सव्वातीन मिनिटं म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहू. विलंबित तीनतालात एका मात्रेला दीड सेकंद धरला तर सोळा मात्रांचं आवर्तन चोवीस सेकंदांचं होतं. म्हणजे तबकडीच्या एका बाजूवर आठ आवर्तनं. मुखडा, अंतरा आणि दोन-चार ताना, की संपलं. म्हणून गवयांनी लय चढवली, आलाप कापला, आणि तान आधीच आणून ठेवली. मैफलीत जो राग तासाभराने उलगडायचा, त्याचा इथे एक दाट अर्क झाला. केसरबाईंच्या तबकड्या ऐकताना मला नेहमी वाटतं की हे अर्क काढण्याचं काम फार थोड्यांना इतकं साधलं. आकार भरदार, दमसास अचाट, आणि वेळ संपत आल्याची घाई कुठेही नाही.

त्यांच्या अशाच साडेतीन मिनिटांच्या भैरवीला पुढे एक विलक्षण प्रवास घडला. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाच्या शिफारशीवरून ती व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत घेतली गेली. पहिलं यान २० ऑगस्ट १९७७ रोजी सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. मैफलीतल्या केसरबाईंचं मुद्रण मात्र फार थोडं हाती लागतं. त्यांच्यासमोर बसून रात्र काढलेले श्रोते आता फारसे राहिलेले नाहीत. सूर्यमालेच्या बाहेर त्यांचा जो आवाज चालला आहे, तोही तबकडीच्या मापाने कापलेला आहे.

मोगूबाईंच्या वाट्याला तर त्याहून कमी आलं. सांगलीत उपचारासाठी आलेल्या खाँसाहेबांनी या मुलीचा रियाज ऐकला आणि शिकवायला घेतलं, ही गोष्ट अनेकांना माहीत असेल. १९०४ ते २००१ असं जवळजवळ शतकाचं आयुष्य त्यांना लाभलं. पण आज त्यांचं म्हणून जे ऐकायला मिळतं ते काही तबकड्या आणि थोडी मुद्रणं, एवढंच. त्यांचं गोव्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे वर येतात आणि जुने गावकरी तिथे जमतात. आवाजाच्या बाबतीत तशी सोय नाही. जे टिपलं गेलं नाही ते कुठल्याच मे महिन्यात वर येत नाही.

तिसरी अवस्था किशोरीताईंची, म्हणजे मोगूबाईंच्या मुलीची. त्या गायला लागल्या तोवर काळाची मोजपट्टी बदलली होती. १९४८ साली अमेरिकेत निघालेली लाँग प्ले तबकडी आपल्याकडेही आली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावत. मैफलीत माइक रुळला. आणि हौशी श्रोत्यांच्या हाती स्पूलचा टेपरेकॉर्डर आला.

किशोरीताईंनी घराण्याची लयप्रधान बांधणी सैल केली आणि स्वराभोवती रेंगाळणारी आलापी आणली, यावर जाणकारांमध्ये पुष्कळ वाद झाले. तो त्यांच्या प्रतिभेचा आणि विचाराचा भाग होता, यात शंका नाही. पण मला वाटतं, काळाची साथही होती. त्या एखाद्या गांधारावर जवळजवळ कुजबुजत थांबतात. माइक नसता तर तो गांधार चौथ्या रांगेपलीकडे गेला नसता, आणि सव्वातीन मिनिटांच्या तबकडीवर तर त्याला जागाच नव्हती. आईकडे हे स्वर नव्हतेच की तबकडीत मावले नाहीत, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. जुन्या गवयांच्या आलापीबद्दल बोलताना आपण हे विसरतो. तीन मिनिटांच्या पुराव्यावर तीन तासांच्या कलेचा निकाल लावतो.

स्पूलने हा पुरावा वाढवला, पण त्याचीही किंमत होती. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत बसते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती बत्तीस मिनिटं पुरते, आणि पावणेचार इंचांच्या वेगाने चौसष्ट. फीत महाग, बहुतेक वेळा परदेशातून आणवलेली. मग घरचं मुद्रण करणारा काय करणार? वेग कमी ठेवणार. वेग कमी केला की वरच्या कंपनसंख्या पुसट होतात, आणि तानपुऱ्याच्या जवारीतली जी चमक असते ती तिथेच असते. आज आपण व्हिडिओ पाठवताना दर्जा उतरवून फाइल लहान करतो, तोच हा व्यवहार. राग पूर्ण हवा, मग तानपुरा थोडा फिकट झाला तरी चालेल, असं त्या अनाम माणसाने ठरवलं. मला त्याचा निर्णय पटतो.

शिवाय यंत्रांचे वेग सारखे नसत. एका यंत्रावर भरलेली फीत दुसऱ्यावर वाजली, तिची कॅसेट झाली, कॅसेटची कॅसेट झाली, की पट्टी सरकते. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी सहात गाताना ऐकू येते. माझ्याकडे एका खासगी मैफलीची अशी प्रत आहे. त्यातला आवाज मला नेहमी थोडा ताणलेला वाटायचा. जुन्या मुद्रणांत विजेची एक बारीक घरघर असते. आपल्याकडे ती पन्नास हर्ट्‌झच्या आसपास असायला हवी. मी संगणकावर तिचा आलेख काढला तर ती बावन्नच्या जवळ निघाली. त्या काळी विजेची कंपनसंख्या पन्नासवर स्थिर नसे, त्यामुळे हे मोजमाप अंदाजाचंच. तरी मी वेग चार टक्क्यांनी उतरवला. दोन तासांची ती मैफल चार टक्के जास्त वेगाने वाजत असताना साडेचार मिनिटांनी आखूड झाली होती. ती साडेचार मिनिटं परत मिळाली, आणि आवाजातला ताणही गेला. ज्या घरघरीला लोक दोष म्हणून पुसून टाकतात, तिनेच गाण्याचा खरा वेग सांगितला.

चित्र त्यानंतर आलं. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटने तीन तास दिले. पहिल्यांदाच विलंबितापासून भैरवीपर्यंतचा पट एका डब्यात मावू शकला. पुढे या कॅसेटी यूट्यूबवर चढल्या तेव्हा एक मजेशीर उलटा प्रवास झाला. यूट्यूबने २००६ साली दहा मिनिटांची मर्यादा घातली होती, ती २०१० मध्ये पंधरा झाली आणि मग हळूहळू उठली. त्या काळात चढवलेल्या मैफली अजून तुकड्यांत सापडतात. भाग तीन ऐन समेच्या तोंडाशी तुटतो आणि सम भाग चारमध्ये येते. शंभर वर्षांपूर्वी मेणाच्या तबकडीने जे केलं, तेच सर्व्हरने केलं. फरक एवढाच की गेसबर्गच्या वेळी गवयाला मर्यादा आधी माहीत होती, म्हणून तो तिच्यात बसेल असं गात होता. इथे गाऊन झालेल्या गाण्यावर मागाहून कात्री चालली.

आता ती मर्यादा नाही. साठवण स्वस्त आहे, दहा तासांचं मुद्रणही कोणी अडवत नाही. आणि नेमक्या याच वेळी किशोरीताईंचं गाणं बहुतेकांपर्यंत नव्वद सेकंदांच्या रीलमधून पोचतं आहे. आता डब्यात जागा भरपूर आहे, आखडला आहे तो ऐकणारा.

किशोरीताई मुलाखतींत सांगत की माई चीज शिकवताना स्थायी-अंतरा दोनदा म्हणत, तिसऱ्यांदा नाही. जे घ्यायचं ते दोन वेळांत घ्यायचं. मी त्यांची एकेक जागा चाळीसदा मागे नेऊन ऐकली आहे. तरी ती गळ्यात तर नाहीच, कानातही पुरती बसलेली नाही. शिवाय चूक झाली की थांबवणारं पडद्यात कोणी नसतं. मैफलीत चुळबुळ करणाऱ्या श्रोत्यांना त्या सुनावत, हे सर्वश्रुत आहे. माझ्या दिवाणखान्यात मी फोन उचलला तर मला कोण बोलणार? म्हणून मी एक नियम केला आहे. लावलेली मैफल मध्ये थांबवायची नाही आणि मागे न्यायची नाही. वेळ नसेल तर त्या दिवशी लावायचीच नाही. मुद्रणाने दिलेली सोय अशी नाकारण्यात थोडा वेडेपणा आहे, पण त्यानंतर मला विलंबित लांब वाटेनासं झालं.

आणखी एक गोष्ट आपल्या हातात आहे, आणि तिला फार वेळ उरलेला नाही. सत्यशील देशपांड्यांच्या संवाद फाउंडेशनसारख्या संस्थांनी मुद्रणं जमवली, तबकड्यांच्या संग्राहकांनीही मोठं काम केलं. पण महाराष्ट्र-गोव्यातल्या कितीतरी घरांत अजून माळ्यावर स्पूल आणि कॅसेटी पडलेल्या आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते, लेप सुटतो. ज्यांनी त्या भरल्या ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. फितीतला आवाज कोणीतरी तंत्रज्ञ काढून देईल. मैफल कुठल्या साली झाली, कोणाच्या घरी झाली, तबल्याला कोण होतं, पेटीवर कोण होतं, हे मात्र फितीत नसतं. ते त्या माणसाच्या डोक्यात असतं. गौहरजानला आपलं नाव पुकारावं लागलं, कारण तबकडी परक्या देशात जाणार होती. आपल्या माळ्यावरच्या फितीही लवकरच परक्यांच्या हाती जाणार आहेत. घरात अशी फीत असेल तर ती ज्यांनी भरली त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा, विचारा, आणि तारीख, गाव, साथीदारांची नावं एका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवा.