सेलमची बस आणि कलम ३१४

१/ जुलै १९८१. ऐन पावसाळ्यात मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या पाडण्यास सुरुवात झाली. पदपथवासीयांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी १३ जुलैला केली होती.

२/ सेलमचा एक भूमिहीन मजूर दुष्काळामुळे १९६१ साली मुंबईत आला होता. दहिसरच्या कारखान्यात रोजी २३ रुपये मजुरी. पदपथावरील प्लास्टिकच्या आडोशासाठी मात्र त्याला २,५०० रुपये मोजावे लागले. २३ जुलैला तो आडोसा पाडून सहकुटुंब त्याला सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. पत्नी व मुली गावी राहिल्या. तो परतला, पुन्हा पदपथावरच.

३/ दुसरा रहिवासी संगमनेरचा चर्मकार. गावचे घर कोसळल्यावर तो १९६९ मध्ये मुंबईत येऊन बदली कामगार झाला. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह हे दोघे सर्वोच्च न्यायालयात गेले.

४/ महापालिकेच्या हाती १८८८ च्या कायद्यातील कलम ३१४ होते : पदपथावरील अतिक्रमण सूचनेविना हटवण्याचा अधिकार.

५/ १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निर्णय दिला. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही सामावलेला आहे, हे तत्त्व मान्य झाले. माणूस पदपथावर राहतो, कारण काम जवळ असते, हेही न्यायालयाने ओळखले. तरीही कलम ३१४ वैध ठरले. १९७६ च्या गणनेची ओळखपत्रे असणाऱ्यांना पर्यायी जागा द्यावी, असे सांगितले गेले. इतरांच्या वाट्याला ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंतची मुदत आली.

६/ उपजीविकेचा हक्क मिळाला. निवाऱ्यासाठी निधी मिळाला नाही. 

७/ डिसेंबर २००९ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, दिल्लीतील पुसा रोडवरचा तात्पुरता निवारा पाडला गेला. त्यानंतर २०१० साली अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना आदेश दिला : दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा.

८/ २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून निधी आला. निवाऱ्यांचा बहुतांश खर्च केंद्राने उचलायचा, उरलेला राज्याने. मात्र निधी असूनही निवारे का उभे राहत नाहीत, हे तपासण्यासाठी २०१६ मध्ये न्यायालयाला न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमावी लागली.

९/ निकषाचे गणितही पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १.२४ कोटी, बेघर ५७ हजारांहून अधिक. लाखामागे शंभर जणांचा एक निवारा धरला, तर सोय होते सुमारे १२,४०० जणांची. निकष तंतोतंत पाळला, तरी पाचांपैकी जवळपास चौघे पदपथावरच उरतात.