पावसाची बखर

मोसम आणि गिरणा यांच्या संगमावरील मालेगाव पर्जन्यछायेत वसले आहे. जुन्या पावसाची नोंद मात्र इथल्या काळ्या कातळात साठत नाही. त्यासाठी चुनखडीच्या गुहा लागतात. पावसाचे पाणी चुनखडी विरघळवत गुहेत ठिबकते आणि तळाशी चुन्याच्या स्तंभावर थर चढत जातात. ठिबक थांबली की वाढ थांबते. युरेनियमपासून झालेले थोरियम मोजून थरांचे वय ठरते. ओमानच्या शुष्क प्रदेशातील अल् हूता गुहेत सुमारे १० हजार ते ६ हजार वर्षांपूर्वीचे थर आढळले. तेव्हा त्या वाळवंटावर मोसमी पाऊस पडत होता.

आपल्या जवळचा पुरावा बस्तरच्या दंडक गुहेतला. तिथल्या स्तंभातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून इ. स. ६०० ते १५०० मधील पावसाचे चढउतार मांडणारा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत त्यात तीव्र अवर्षणे दिसतात. १३९६ साली सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे खुली केल्याची कथाही पंधराव्या शतकातील मानली जाते.

एवढ्यावरून कथा सिद्ध होत नाही, हे साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. अवर्षण आणि दुष्काळ या दोन गोष्टी आहेत. पाऊस किती पडला हे स्तंभ सांगतो. कोठाराला कुलूप कोणी लावले आणि ते कोणी उघडले, हे कथेलाच विचारावे लागते.