त्रेचाळीस-आठ

मुरुडच्या मातीवर ओझं ओढण्याचं गणित पहिल्यांदा कागदावर मांडलं ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं. बार्शी लाइट रेल्वे ही त्याची. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शी गावापर्यंत अडीच फुटी रुळांवर गाडी सुरू झाली आणि 1911 साली बालाघाट चढून, ढोकी-मुरुड करत लातूरला पोचली. कॅलथ्रॉपचा नियम एकच होता: इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. रूळ हलके, यार्डाला तीस पौंडांचे. जड इंजिन पाहिजे असेल तर त्याला चाकं वाढवा. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीनं या लाइनीसाठी जी इंजिनं बांधली त्यांना आठ जोडचाकं होती. पुढं हा माणूस विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागं लागला, ती गोष्ट वेगळी. पण आधी आसाला काय झेपतं ते बघायचं आणि मग इंजिन ठरवायचं, हा त्याचा क्रम होता. आम्ही गॅरेजवाल्यांनी आयुष्यभर याच्या उलट केलं. इंजिन आधी यायचं, कुठल्या तरी मोडीतून. बाकीचं मागून जुळवायचं.

मी लातूर-बार्शी रस्त्यावरच्या गॅरेजात हाताखाली लागलो तेव्हा इथल्या जीपा पेट्रोलच्या होत्या. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली आणि नंतर इथंच बनवायला लागले. उंच बॉनेटची ती जीप, 2.2 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, एक वॉल हेडात तर दुसरा ब्लॉकात. चार हजार फेऱ्यांना सत्तरच्या पुढं अश्वशक्ती द्यायची. चालवायला गोड, पण प्यायची फार. सरकारी खात्यांतून लिलावात निघालेल्या, एखाद्या बागायतदारानं हौसेनं घेतलेल्या, अशा त्या गाड्या. त्या काळी माणसं न्यायची म्हणजे एसटी. निजामाच्या राजवटीत 1932 साली रेल्वेच्याच खात्यानं 27 अल्बियन बसगाड्यांवर मोटारसेवा सुरू केली होती, तिचा मराठवाड्यातला वारसा पुढं 1961 मध्ये एसटी महामंडळात आला. जीप ही साहेबाची किंवा पाटलाची.

1973 च्या तेलसंकटानं हे चित्र मोडलं. त्या नोव्हेंबरात पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. आमच्याकडं बैलगाडीतून जाण्यात निषेध कसला, लोक रोजच जात होते. पण जीपवाले मात्र गाडी झाकून ठेवायला लागले. नंतर कुणीतरी पहिल्यांदा आमच्या गॅरेजच्या उस्तादांना विचारलं, "मिस्त्री, हिच्यात ट्रॅक्टरचं इंजिन बसंल का?"

बसलं. कंपनीही तेच करत होती. बी-275 ट्रॅक्टर इथं बनत होता, त्याचं 144 घनइंची डिझेल इंजिन महिंद्रांनी जीपमध्ये घातलं. कंपनीनं केलं ते नकाशे काढून, आम्ही केलं ते खडूनं जमिनीवर आखून. इंजिनाची मागची बाजू आणि गिअरबॉक्सची पुढची बाजू, यांची भोकं एकमेकांना ओळख देत नाहीत. मधे अर्ध्या इंचाची लोखंडी प्लेट लागते. ती कापायची, लेथवर मधलं भोक काढायचं. खरी कसोटी या मधल्या भोकाची. डायल गेज फ्लायव्हीलला बांधून इंजिन हातानं फिरवायचं आणि काटा किती हलतो ते बघायचं. पाच थाऊच्या आत राहिला तर ठीक. नाहीतर महिन्याभरात पायलट बेअरिंग खडखडतं, मग गिअर आपोआप सुटायला लागतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं इंजिनच खराब दिलं. क्लच प्लेटचं हब जुन्या गिअरबॉक्सचं आणि तबकडी नव्या फ्लायव्हीलच्या मापाची, दोन्ही एकत्र रिवेट करायचे. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीत एक पाटा वाढवायचा. एवढं करून इंजिन चालू झालं की लोक पेढे वाटायचे. उस्ताद मात्र पेढा हातातच धरून बसायचे. कारण गाडी अजून रस्त्यावर गेलेली नसायची.

घोडं पेंड खायचं ते पुढं. जीपच्या डिफ्रन्समध्ये, म्हणजे आसावरच्या गिअरपेटीत, क्राउनला 43 दात, पिनियनला 8. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला टॉप गिअरमध्ये इंजिनाचे जवळजवळ साडेपाच फेरे. पेट्रोल इंजिनाला ते शोभत होतं, ते चार हजारांपर्यंत फिरायचं. ट्रॅक्टरचं इंजिन शेतात 1875 फेऱ्यांवर 35 अश्वशक्ती देण्यासाठी बनलेलं. गव्हर्नर थोडा ओढून दोन हजार धरा. जीपचं चाक एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच्या आसपास जातं. गुणाकार करा: ताशी जेमतेम पन्नास निघतात. मालक लातूरला निघाला की एसटी त्याला मागं टाकून जायची आणि कंडक्टर हात करायचा.

उपाय होता क्राउन-पिनियन बदलणं. 47 ला 11 ची जोडी घातली की त्याच फेऱ्यांना वेग साठाच्या वर जातो. पण लोखंड फुकट काही देत नाही. जेवढा वेग वाढला तेवढी चाकावरची ओढ गेली, साधारण पाचवा हिस्सा. येडशीच्या घाटात भरल्या गाडीला हा पाचवा हिस्सा कळतो. आणखी एक भानगड अशी की फोर व्हील जीपला पुढचा डिफ्रन्सही त्याच दातांचा लागतो, नाहीतर फोर व्हील टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मधला गिअरबॉक्स मरतो. दुसरी जोडी घ्यायला पैसे कुणाकडं होते? पुढचा शाफ्ट काढून कोपऱ्यात टाकायचा. मुरुडमधल्या कितीतरी फोर व्हील जीपा अशा निमूट टू व्हील झाल्या.

म्हणून उस्ताद इंजिनाच्या आधी प्रश्न विचारायचे: गाडी पळवायची का ओढायला लावायची? गिऱ्हाईक म्हणायचं दोन्ही. उस्ताद म्हणायचे, मग दोन गाड्या घे.

ऐंशीच्या दशकात महिंद्रांच्या जीपांत फ्रेंच प्यूजोचं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन आलं. ते ट्रॅक्टरवाल्यापेक्षा बरंच जास्त फिरायचं, त्यामुळं 43-8 चा डिफ्रन्स पुन्हा कामाचा झाला. ठोकलेल्या जीपांतून निघालेली ही इंजिनं जुन्या पेट्रोल जीपांत जाऊ लागली आणि त्यातूनच इथली प्रवासी जीप उभी राहिली: आत बसतील तेवढे, मागं लोंबकळतील तेवढे, टपावर शेळी. लातूर जिल्हा 1982 साली वेगळा झाला. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कचेरीत खेपा वाढल्या तशा या जीपा वाढल्या. त्यातल्या कितींच्या कागदावर आजही पेट्रोल इंजिनाचा नंबर असेल ते मी सांगणार नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीत फेरफार करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं ठरवलेल्या रचनेत बदल चालणार नाही असं सांगितलं. कायदा बरोबर आहे. आम्ही ब्रेक कधी बदलले होते? इंजिन दुप्पट जड, माणसं तिप्पट, आणि ब्रेकचा ड्रम तोच जुना.

ओढण्याची खरी शाळा मात्र जीप नव्हे, ऊस. ढोकीला तेरणा कारखाना, लातूरकडं मांजरा, मग निवळीचा, पुढं रांजणीचा. गाळप सुरू झालं की रात्रभर आमच्या रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या मागं लावलेले ट्रॅक्टर जातात. ट्रॅक्टर दोन टनांचा, मागं त्याच्या कैक पट ऊस. चढाला क्लच झटक्यात सोडला की पुढची चाकं उचलतात, म्हणून कुणी बंपरवर दगड बांधतो, कुणी पोराला बॉनेटवर बसवतो. पोराला बसवणाऱ्याला मी डिझेलही उसनं देत नाही. वाहतुकीचे पैसे मिळतात टनाच्या हिशेबानं, म्हणून ड्रायव्हर ट्रॉलीत मोळ्या वाढवत जातो आणि गॅरेजात येऊन पंप वाढवून मागतो. मायकोच्या पंपाचं सील तोडून स्क्रू अर्धा फेरा फिरवला की धूर काळा होतो आणि ओढ वाढल्यासारखी वाटते. वाढते ती थोडी. जास्त वाढतं ते पिस्टनच्या माथ्यावरचं तापमान. चांगला ड्रायव्हर सील तोडायला येतच नाही. तो चढाच्या आधी, सपाटीवरच एक गिअर खाली घेतो. इंजिनाचा आवाज जड व्हायच्या आधी त्याचा हात दांड्यावर गेलेला असतो. चढावर मधेच गिअर बदलायला गेला तर दोन ट्रॉल्या त्याला मागं खेचतात, आणि ट्रॉलीला ब्रेक नसतो.

हे सगळं गेल्या वर्षी पुन्हा कामाला आलं, तेही टेक्सासात. पुतण्या लातूरला शिकून तिकडं गेला. रक्तात ग्रीस होतंच. त्यानं नव्वदच्या दशकातला एक शेवरलेट पिकअप घेतला, त्यातलं 7.4 लिटरचं पेट्रोल इंजिन काढलं आणि कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडर डिझेल घातलं. मला फोटो पाठवला तेव्हा मी ओळखलंच. टाटा आणि कमिन्सनी 1993 मध्ये जमशेदपूरला कंपनी काढली ती याच घराण्याच्या इंजिनांसाठी. आमच्या दारावरून जाणाऱ्या टाटांच्या ट्रकांत तेच रक्त. ॲडॅप्टर प्लेट तिकडं दुकानात तयार मिळते, याचा मला थोडा रागच आला. पण गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, आणि तो पेट्रोलच्या इंजिनाबरोबर आलेला. मागं ट्रेलरवर छोटा ट्रॅक्टर घेतला की चढावर गडबड. "काका, गिअर पडतच नाही, आणि पडला की घसरतो."

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1940 सालच्या ओल्ड्समोबिल मोटारीपासून सर्रास विकला जाऊ लागला. त्या जुन्या बॉक्समध्ये संगणक नव्हता, तेलाचे दोन दाब होते: एक गाडीच्या वेगाचा, दुसरा पायातल्या रेसचा. एका वॉलच्या दोन टोकांना ते एकमेकांना ढकलायचे. वेगाचा दाब जिंकला की वरचा गिअर. पुतण्याच्या बॉक्सची जात 1991 ची, तिथं ही कुस्ती संगणक लावतो. त्याला रेस किती आणि शाफ्ट किती फिरतो ते वायरीनं कळवायचं, आणि तो तक्त्यात बघून गिअर टाकतो, क्लचवर तेलाचा दाब किती ते ठरवतो.

गिअर न पडण्याचं कारण मला ऐकूनच कळलं. तक्ता पेट्रोलचा. भर रेसला वरचा गिअर साडेचार हजारांजवळ टाकायचा असं त्यात लिहिलेलं, आणि डिझेलचा गव्हर्नर अडीच हजारांच्या थोडं पुढंच इंजिनाला अडवतो. तो आकडा कधी येणारच नाही. हे आमचंच 43-8 चं दुखणं. तिकडं दात बदलायच्या ऐवजी आकडे बदलायचे. त्यानं लॅपटॉप लावून ते तेवीसशे-चोवीसशेवर आणले.

घसरण्याचं कारण शोधायला रात्र गेली. त्यानं पंपाच्या लिव्हरला एक सेन्सर बसवला होता, संगणकाला रेस कळावी म्हणून. पेट्रोलमध्ये पाय किती दाबला यावरून इंजिन किती जोर लावतंय ते बरंचसं कळतं. पण अशा डिझेल पंपात लिव्हर फक्त वेग मागतं. अर्ध्या लिव्हरवर गाडी चढाला लागली की गव्हर्नर स्वतःच्या मतानं डिझेल वाढवतो, पार शेवटपर्यंत. लिव्हर तिथंच, अर्ध्यावर. संगणकाला वाटतं मालक निवांत चाललाय, म्हणून तो तेलाचा दाब कमी ठेवतो, आणि क्लचच्या तबकड्या पूर्ण जोराखाली घसरून जळतात. उसाच्या ट्रॅक्टरावर हे मी हजारदा पाहिलंय: हातरेस एकाच खाचेत, आणि चढ आला की धूर आपोआप काळा. मी म्हणालो, "लिव्हर सोड. धुराला विचार." त्याच्या गाडीत धुराला विचारण्याची सोय म्हणजे टर्बोचा दाब. जोर वाढला की तो वाढतो, लिव्हर कुठंही असो. त्यानं त्या दाबाचा सेन्सर जोडून तेलाच्या दाबाचा तक्ता त्यावर बेतला आणि अर्ध्या रेसच्या रकान्यांत दाब चांगला चढवून ठेवला. शिवाय मी त्याला गिअरबॉक्सच्या तेलाला मोठा कूलर लावायला सांगितला; शंभर अंशांच्या पुढं ते तेल भराभर करपतं.

चढ सुटला, उतारावर आमचं अजून जमलेलं नाही. डिझेल इंजिनाला हवा अडवणारी झडप नसते, नुसतं पाय उचलून ते गाडी धरत नाही; त्यासाठी त्यानं धुराच्या नळीत ब्रेक बसवलाय. माझं म्हणणं, उतारावर कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाच्या जोडणीचा, लॉक घट्ट बंद ठेव आणि ज्या गिअरमध्ये चढलास त्यातच उतर, येडशीला ट्रकवाले उतरतात तसं. त्याचं म्हणणं, वेग फार कमी झाला तर लॉक उघडलाच पाहिजे, नाहीतर इंजिन बंद पडेल, म्हणून तो आकडा थोडा वर ठेवायचा. त्यानं सोळाशे ठेवलाय. मी बाराशे म्हणतोय.