गॅरेजातली मोटरसायकल आणि मागचा बाक



स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिही, असा निरोप आला. मी मात्र न्यूझीलंडमधल्या एका माणसाबद्दल लिहिणार आहे. त्याचा आपल्या वर्गाशी काय संबंध, ते शेवटी सांगते.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामानिमित्त वेलिंग्टनला गेले होते. तिथल्या ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयात निळ्या-गुलाबी रंगाची एक मोटरसायकल पाहिली. ब्रिटन व्ही१०००. एवढी वेगळी गाडी कुठल्या मोठ्या कारखान्यातून आली असेल, असे वाटले. ती आली होती ख्राइस्टचर्चमधल्या एका घराच्या गॅरेजातून.

तिचा निर्माता जॉन ब्रिटन १९५० साली जन्मला. त्याला डिस्लेक्सिया होता. छापील अक्षरे त्याच्यापुढे अडून बसत. पण शाळकरी वयातच त्याने खड्ड्यात पडलेली एक जुनी ‘इंडियन’ मोटरसायकल (नाव इंडियन, कंपनी अमेरिकेची) मित्राच्या मदतीने दुरुस्त केली होती. पुढे रात्रीच्या वर्गांना जाऊन तो यंत्र अभियांत्रिकी शिकला.

त्याने गाडीचा नेहमीचा साचाच मोडला. एरवी गाडीला सांगाडा असतो आणि त्यात इंजिन बसवतात. ब्रिटनने सांगाडा काढून टाकला आणि इंजिनालाच सांगाडा केले. गाडीचा पुढचा भाग अरुंद राहावा म्हणून रेडिएटर सीटखाली नेला. मागचा शॉक अॅब्सॉर्बर इंजिनाच्या पुढे आणला. चाके आणि अंगावरचे कवच कार्बन फायबरचे केले. कवचाचा आकार कागदावर आखत बसण्याऐवजी तारा वाकवून, गरम गोंदाने चिकटवून हातानेच घडवला. इंजिनाचे भाग तापवायला मातीची भांडी भाजायची भट्टी वापरली. दिवसाची नोकरी आटोपून येणारे मित्र रात्र-रात्र त्याच्यासोबत राबत. ९९९ सीसी इंजिनाच्या या गाडीचे वजन १४० किलोच्याही आत होते. इंजिनाची नोंद ठेवणारा संगणकही तिच्यावर होता. माझा जीव अर्थातच तिथे अडकला!

१९९२ साली अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीआधी इंजिनाच्या सिलिंडरला तडा गेला. रातोरात वेल्डिंग करून गाडी मैदानात उतरली. अँड्रू स्ट्राउड नामांकित डुकाटीला मागे टाकत होता. शर्यत संपत आली असताना विजेच्या यंत्रणेने दगा दिला आणि गाडी थांबली. रात्री दोन वाजता एका चुकलेल्या ओळीमुळे अख्खी प्रणाली बंद पडल्याचे मी अनुभवले आहे. त्यामुळे त्या मंडळींचे काय झाले असेल, ते मला समजते. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, त्यांनी डेटोना जिंकलीच.

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये त्वचेच्या कर्करोगाने ब्रिटन गेला. वय अवघे ४५. त्या गाड्या एकूण दहाच बनल्या.

आता आपल्या वर्गाकडे येते. मागच्या बाकावरच्या आपल्या एका मित्राला मराठीच्या तासाला धडा वाचायला उभे करत. तो एकेका शब्दाला अडखळायचा आणि वर्ग हसायचा. हसणाऱ्यांत मी पुढे असायचे. त्याच मुलाने मधल्या सुट्टीत सरांची लुना प्लग काढून, घासून चालू करून दिली होती. तेव्हा टाळ्या वाजवल्याचे मला आठवत नाही. त्याला डिस्लेक्सिया होता की नाही, हे मी ठरवू शकत नाही. तो शब्दच तेव्हा आपल्यापैकी कोणी ऐकला नव्हता. शिक्षकांना मी दोष देत नाही. साठ-साठ मुले होती एकेका वर्गात. पण माझे हसणे माझे होते.

मित्रा, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तू कधी लिहीत नाहीस, आवाजात बोलून पाठवतोस. त्याचे कारण माझ्या लक्षात यायला तीस वर्षे लागली. स्मरणिका छापून येण्याआधी हा लेख मी मोठ्याने वाचून तुला पाठवणार आहे. वाचताना अडखळले, तर हसायची पाळी आता तुझी.