रियासतकार गो. स. सरदेसाई यांचे पुनर्लेखन : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी इतिहासलेखनाच्या परंपरेत साधनांचे संपादन या विषयावर विपुल लेखन झाले आहे. मात्र इतिहासकाराने स्वतःच्याच ग्रंथाचे केलेले संशोधन व पुनर्लेखन हा विषय तुलनेने उपेक्षित राहिला. गोविंद सखाराम सरदेसाई (१८६५-१९५९) यांची 'मराठी रियासत' हे त्याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात रियासतीच्या पुनर्लेखनामागील प्रेरणा व मर्यादा यांचा विचार केला आहे.

पहिले लेखन व साधनांचा ओघ :

सरदेसाई १८८९ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत दाखल झाले. राजपुत्रांच्या अध्यापनासाठी केलेल्या टिपणांतून रियासतीची कल्पना साकार झाली. 'मुसलमानी रियासत' १८९८ मध्ये व 'मराठी रियासती'चा पहिला भाग १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास आणि बखरी हाच तेव्हा कोणाही लेखकाचा मुख्य आधार होता. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चाच, म्हणजे रियासतकार लिहीत असतानाच त्यांच्या पायाखालची जमीन बदलत होती.

पुढील तीन दशकांत हा बदल अधिक वेगाने झाला. जेधे शकावली १९१६ मध्ये प्रकाशात आली व शिवजन्मतिथीचा प्रश्न नव्याने उभा राहिला. 'राधामाधवविलासचंपू' राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रदीर्घ प्रस्तावनेसह संपादित केला; त्यामुळे शहाजीराजांकडे केवळ शिवाजीमहाराजांचे पिता म्हणून पाहणे अपुरे ठरले. त्यानंतर 'शिवभारत' व 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' (१९३०) ही साधने उपलब्ध झाली. १९०२ च्या ग्रंथाला यांपैकी काहीही ठाऊक असणे शक्य नव्हते. सरदेसायांनी १९३५ मध्ये हा पूर्वकाल पुन्हा लिहावयास घेतला, तेव्हा शहाजीराजांना स्वतंत्र ग्रंथ मिळाला, ही बाब या क्रमातच पाहावी लागते.

पेशवेकालाची गोष्ट निराळी. १९२५ मध्ये सेवानिवृत्त होऊन सरदेसाई कामशेत येथे स्थायिक झाले. सरकारने त्यांच्यावर पेशवे दफ्तराच्या निवडीचे काम सोपविले आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड निघाले. मध्य विभागाचे भाग त्याआधीच छापून झाले होते. आपल्याच छापील विधानांना प्रतिकूल ठरू शकणारी कागदपत्रे स्वतः निवडून प्रसिद्ध करण्याचा प्रसंग फार थोड्या इतिहासकारांवर येतो. सरदेसायांनी तो टाळला नाही. शाहूकालीन भाग त्यांनी नंतर पुन्हा लिहिले आणि वयाच्या ऐंशीनंतर, १९४६ ते १९४८ मध्ये, संपूर्ण विषय इंग्रजीत तीन खंडांत नव्याने मांडला.

पुनर्लेखनाची मर्यादा :

तथापि साधने बदलली म्हणून दृष्टी बदलतेच असे नाही. सुधारित ग्रंथांची शीर्षकेच पाहावीत : 'शककर्ता शिवाजी', 'उग्रप्रकृति संभाजी', 'स्थिरबुद्धि राजाराम'. ही विशेषणे निष्कर्ष आहेत आणि ती वाचकाला मुखपृष्ठावरच भेटतात. व्यक्तीच्या स्वभावातून राज्याचा उत्कर्ष वा अपकर्ष समजावून सांगण्याची बखरकालीन रीत येथे शिल्लक राहिलेली दिसते. तारखा, स्थळे, पत्रे यांबाबत सरदेसाई स्वतःशी कठोर होते. चौकटीबाबत तितके नव्हते. संभाजीमहाराजांच्या चरित्राची समूळ फेरमांडणी करणारा वा. सी. बेंद्रे यांचा ग्रंथ १९६० मध्ये आला. रियासतकार तेव्हा हयात नव्हते.

आवृत्तीचा प्रश्न :

महाविद्यालयीन संशोधनात 'सरदेसाई, मराठी रियासत' एवढाच संदर्भ देऊन भागविले जाते. १९०२ चे सरदेसाई आणि १९३५ चे सरदेसाई एकाच साधनसामग्रीवर उभे नाहीत. त्यामुळे असा संदर्भ प्रत्यक्षात कोणत्या मताचा आधार घेतो हेच कळत नाही. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेली पॉप्युलर प्रकाशनाची आवृत्ती आज सर्वाधिक वापरात आहे व ती सोयीचीही आहे. परंतु सरदेसायांचे एखादे मत केव्हा बनले हे ठरवावयाचे असेल, तर जुन्या ग्रंथालयांतील पहिल्या आवृत्त्या शेजारी ठेवून प्रकरणागणिक ताडून पाहण्यावाचून दुसरा मार्ग नाही. त्या प्रती जीर्ण झाल्या आहेत आणि अनेक ठिकाणी 'नवी आवृत्ती उपलब्ध' असा शेरा मारून त्या कपाटातून काढून टाकल्या जात आहेत.